बियांना खालून ऊब: बर्फाच्या देशात घरात मिरची-वांग्याची रोपं करताना

मिशिगनमधलं आमचं पहिलं वर्ष. मार्चच्या सुरुवातीला मी ज्वाला मिरचीच्या बिया दह्याच्या रिकाम्या डब्यांत पेरल्या आणि डबे स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने मांडले. बाहेर बर्फ असला तरी आत हीटर चालू, दुपारी खिडकीत ऊन. आणखी काय हवं? तीन आठवडे रोज सकाळी चहाचा कप घेऊन डोकावत होते. एक कोंब दिसेल तर शपथ. शेवटी चमच्याने माती उकरली, तर बिया काळ्या पडून मऊ झालेल्या. बी खोटं निघालं म्हणून पाकीट कचऱ्यात टाकलं.

व्हिडिओ कॉलवर आईला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मटकीला मोड आणताना फडक्यात बांधून उबेला ठेवतेस ना? का खिडकीत ठेवतेस? मग मिरचीनं काय घोडं मारलंय?"

बी खोटं नव्हतं, माती गार होती. हे कळायला मला एक हंगाम लागला आणि खालून ऊब देण्याचं तंत्र नीट बसायला आणखी दोन. तुमचे ते तीन हंगाम वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. माझ्या तारखा आग्नेय मिशिगनच्या आहेत. मिनेसोटा, ओंटारिओ किंवा इंग्लंडात असाल तर तारखा बदला, रीत तीच. इथले थर्मामीटर फॅरनहाइटमध्ये बोलतात, म्हणून आकडे तसेच देते आणि कंसात सेल्सिअस.

१. आधी हे समजून घ्या: घराची हवा वेगळी, ट्रेमधली माती वेगळी

भिंतीवरचा थर्मोस्टॅट ६८ (२०) दाखवतो, तो हवेचा आकडा. ओल्या मातीतून पाणी सतत उडत असतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार का होतं, तेच इथे. त्यामुळे ट्रेमधली माती खोलीपेक्षा काही अंशांनी गारच राहते. त्यातून तो ट्रे खिडकीच्या काचेला टेकलेला असला तर रात्री विचारायलाच नको. बेसमेंटमध्ये हिवाळ्यात हवाच ६० (१५-१६) असते, म्हणजे माती त्याहूनही खाली.

हा फरक किती महागात पडतो हे पाहायला कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरिंग्टन यांचा जुना तक्ता चांगला आहे. इथे भाजी लावणारे अजून तोच वापरतात. टोमॅटोचं बी मातीचं तापमान ५० (१०) असेल तर उगवायला ४३ दिवस घेतं. ५९ ला (१५) १४ दिवस, ६८ ला (२०) ८ दिवस, आणि ७७ ते ८६ (२५ ते ३०) मध्ये फक्त ६. पुढे ९५ वर (३५) नेलंत तर पुन्हा ९ दिवस. मिरची जास्तच नखरेल: ५९ ला २५ दिवस, ६८ ला साधारण १३, ७७ ला ८. वांगं ८६ ला पाच दिवसांत वर येतं.

आता माझ्या दह्याच्या डब्यांचा हिशेब लावा. गार, ओली माती आणि तीन-चार आठवडे त्यात पडून असलेलं बी. बुरशीला तेवढा वेळ पुरतो. ऊब दिल्यामुळे लवकर उगवण्याची मजा आहेच, पण खरा फायदा हा, की बी कुजायच्या आत मातीतून निसटतं.

२. ऊब कोणाला हवी, कोणाला नको

नवीन हीट मॅट (ट्रेखाली घालायची, विजेवर तापणारी चटई) आणली की सगळ्याच बिया तिच्यावर ठेवायचा मोह होतो. मी दुसऱ्या वर्षी लेट्यूस ठेवलं होतं. काहीही उगवलं नाही. लेट्यूसचं बी जास्त उष्णतेत झोपी जातं, आणि वरच्याच तक्त्यात ९५ ला त्याच्यापुढे शून्य आहे.

- मॅट हवीच: मिरची, ढोबळी मिरची, वांगी, भेंडी, कारलं, दुधी, दोडका, काकडी. मातीचं तापमान ८० ते ८५ (२७ ते २९). भेंडीला आणि काकडीवर्गाला ९० (३२) सुद्धा चालतं.
- मॅट असली तर बरं: टोमॅटो. ७५ ते ८० (२४ ते २७) पुरे.
- नसली तरी चालेल: कोबी, फ्लॉवर, कांदा. घरातल्या साध्या तापमानाला हे हळूहळू का होईना उगवतात.
- मॅटवर नको: लेट्यूस, पालक, कोथिंबीर. हे थंडीतले गडी. यांना एप्रिलमध्ये सरळ बाहेर पेरा.

मेथीला तर काहीच लागत नाही. ती कुठेही उगवते.

३. सामानाची यादी

- रोपांची हीट मॅट. एका ट्रेपुरती मॅट साधारण १० बाय २० इंचांची आणि २० वॉटच्या आसपास असते. चोवीस तास चालली तरी दिवसाला अर्धं युनिट वीज. चार ट्रेंची मोठी मॅट १०० वॉटच्या आसपास. पहिल्या वर्षी छोटीच घ्या.
- मॅट ठरलेल्या तापमानाला चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट, प्रोबच्या (तापमान मोजणाऱ्या टोकाच्या) तारेसकट. हा वेगळा विकत मिळतो आणि लोक इथेच पैसे वाचवतात. वाचवू नका.
- साधा, टोक असलेला मातीचा थर्मामीटर. स्वयंपाकघरातला चालेल.
- ट्रे, आत कप्प्यांची शीट (५० किंवा ७२ कप्पे) आणि वर पारदर्शक झाकण. इथे १० बाय २० इंची ट्रेला 'टेन-ट्वेंटी' म्हणतात.
- बी रुजवायचं मिश्रण, म्हणजे पीट मॉस किंवा कोकोपीट आणि त्यात परलाइट किंवा व्हर्मिक्युलाइट (मिश्रण भुसभुशीत ठेवणारे हलके खनिज दाणे). अंगणातली माती नको. ती कप्प्यात दगडासारखी बसते आणि रोग घेऊन येते.
- एलईडी शॉप लाइट आणि त्याच्यासाठी टायमर.
- मॅटखाली घालायला थर्मोकोलचा किंवा फोमचा कडक तक्ता.
- आइस्क्रीमच्या काड्या आणि पेन्सिल, नावं लिहायला. शाई पुसली जाते, शिसं टिकतं. मिरचीच्या आणि ढोबळीच्या रोपांत मे महिन्यापर्यंत काही फरक कळत नाही, हे अनुभवाने सांगते.

बियाणं इथेच घ्या. ज्वाला मिरची, भेंडी, कारलं, दुधी हे सगळं अमेरिकेतल्या बियाणे कंपन्यांकडे मिळतं. भारतातून येताना पाकीट पर्समध्ये टाकून आणायचा विचार सोडा. पेरणीच्या बियाण्याला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (बियाणं रोग-किडींपासून मुक्त असल्याचा सरकारी दाखला) लागतं, ते नसलं तर विमानतळावर काढून घेतात. टोमॅटो आणि मिरचीच्या बियाण्याबाबत तर विषाणूच्या भीतीने २०१९ मध्ये नियम आणखी कडक झाले.

आता जुगाडांबद्दल. मॅट न घेता भागवता येईल का, हे प्रत्येक जण विचारतो. मीही विचारलं होतं.

*ओव्हनमध्ये दिवा लावून.* आपण इथे विरजण असंच लावतो, त्यामुळे कल्पना सगळ्यांनाच सुचते. मलाही सुचली. ढोबळीचा ट्रे ओव्हनमध्ये होता, नवरा संध्याकाळी पिझ्झासाठी ओव्हन गरम करायला गेला आणि आत न बघता ४२५ वर ठेवून वर आंघोळीला. प्लास्टिकचा वास बेसमेंटपर्यंत आला. ओव्हन वापरायचाच असेल तर बटणावर चिकटपट्टी लावा. पण मुळात वापरू नका.

*फ्रिजच्या डोक्यावर.* जुने फ्रिज वरून गरम असत. आताचे फारसे नसतात. हात लावून बघा, कोमट लागलं तर ठीक.

*कंबर शेकायचा हीटिंग पॅड.* हा नकोच. तो पाण्यासाठी बनलेला नसतो, आणि बहुतेक पॅड ठरावीक वेळाने आपोआप बंद होतात. म्हणजे बी उबेला आहे असं आपण समजतो आणि रात्रभर माती गार.

*ओल्या टिश्यूमध्ये, पिशवीत.* ही मात्र आपली मोड आणायची रीतच आहे आणि ती चालते. कारल्याला मी अजून हेच करते. मोड दिसताच बी मातीत गेलं पाहिजे. एक दिवस उशीर केला तर मूळ टिश्यूच्या धाग्यांत शिरतं आणि काढताना तुटतं.

४. तारखा उलट्या मोजा

आमच्याकडे शेवटचा दंव पडायचा धोका मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत असतो. पण मिरची, वांगं, भेंडी यांना नुसतं दंव नसून चालत नाही, रात्र उबदार लागते. म्हणून इथले जुने लोक मेच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेच्या सुमारास ही रोपं बाहेर काढतात. कॅनडात व्हिक्टोरिया डे धरतात. तिथून मागे मोजायचं:

- मिरची, ढोबळी, वांगी: ८ ते १० आठवडे आधी. म्हणजे मार्चचा मध्य. मी तिखट मिरची मार्चच्या पहिल्या आठवड्यातच घालते, कारण ती रेंगाळते.
- टोमॅटो: ६ ते ८ आठवडे आधी. मार्चअखेर किंवा एप्रिलचा पहिला आठवडा.
- भेंडी, काकडी, दुधी, दोडका, कारलं: ३ ते ४ आठवडे आधी. एप्रिलअखेर.

माझ्या डोक्यात हे शिमगा, पाडवा आणि अक्षय्य तृतीया असं बसलं आहे. गावाकडे अक्षय्य तृतीयेला आळी करून वेलांचं बी लावायची पद्धत, ती इथे नेमकी ट्रेला लागू पडते. अधिक महिना आला की गणित चुकतं, तेव्हा फ्रिजवर तारीखच लिहून ठेवा.

घाई हा सगळ्यात महागडा सापळा. फेब्रुवारीत बर्फाला कंटाळून लोक टोमॅटो पेरतात. मेपर्यंत ते दोन फुटी होतात, दिव्याला टेकतात, आणि बाहेर लावल्यावर महिनाभर रुसून बसतात. उशिरा पेरलेलं, ठेंगणं, जाड खोडाचं रोप त्यांना जूनमध्ये गाठतं.

५. मांडणी

जागा बेसमेंटमध्ये, कपड्यांच्या मशीनपाशी किंवा रिकाम्या शेल्फवर, कुठेही चालते. ऊन लागत नाही, कारण उजेड दिव्याचा आहे. खिडकी टाळाच. दुपारी तीन तास ऊन आणि वर झाकण असलं की ट्रेची भट्टी होते.

काँक्रीटच्या जमिनीवर किंवा लोखंडी शेल्फवर मॅट सरळ ठेवली तर अर्धी ऊब खालीच जाते. म्हणून आधी फोमचा तक्ता, त्यावर मॅट, त्यावर ट्रे. मॅट घडी घालून वापरू नका, दोन मॅट एकमेकींवर येऊ देऊ नका. अर्धी मॅट रिकामी असेल तर तिथे पुस्तकं किंवा उशी ठेवू नका. झाकलेल्या जागी उष्णता साठते.

प्लग जीएफसीआय सॉकेटमध्येच (वीज गळली की आपोआप बंद होणाऱ्या) लावा. बाथरूममध्ये असतो तसा, टेस्ट-रिसेटची बटणं असलेला. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका. वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी तळाशी टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही.

आणि मॅटकडून काय अपेक्षा करायची तेही ठरवून घ्या. ती खोलीपेक्षा १० ते २० फॅरनहाइट वर नेते, बस. ६५ च्या खोलीत ८० मिळेल. गॅरेजमध्ये ४५ असेल तर मॅट कितीही चांगली असो, माती ६०-६५ च्या पुढे जाणार नाही.

६. माती भिजवा, मग पेरा

क्रम महत्त्वाचा आहे. कोरडं पीट मॉस पाणी घेत नाही, पाणी वरून पळून जातं. बादलीत मिश्रण घ्या, कोमट पाणी घाला आणि थालीपीठाचं पीठ भिजवतो तसं हाताने कालवा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि एखाद-दुसरा थेंब पडावा. धार लागली तर जास्त झालं.

कप्पे भरा, हलकेच आपटा, दाबून ठासू नका. मग ट्रे झाकून मॅटवर ठेवा आणि *एक दिवस बी न पेरता* तसाच राहू द्या. माती ठरलेल्या तापमानाला आली की पेरा.

खोली बियांच्या जाडीच्या दोन-तीन पट. मिरची, वांगं, टोमॅटो पाव इंच. भेंडी, काकडी, दुधी अर्धा ते एक इंच. एका कप्प्यात दोन बिया, दोन्ही उगवल्या तर दुबळं रोप कात्रीने कापा. उपटू नका, शेजारच्याची मुळं दुखावतात.

भेंडी रात्रभर भिजवून घाला. कारल्याच्या बियांचं कवच टणक असतं, त्याची एक कड नेलकटरने जराशी छाटा आणि मग रात्रभर भिजवा. भेंडीचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि हलवलेलं त्याला आवडत नाही, म्हणून तिला आणि वेलांना छोट्या कप्प्यांऐवजी चार इंची कुंड्यांत घाला.

७. प्रोब: सगळं इथे बिघडतं

थर्मोस्टॅटला स्वतःचं डोकं नाही. प्रोबचं टोक जे सांगेल तेच त्याला खरं. ते टोक मधल्या एखाद्या कप्प्यात, बी असतं त्या खोलीपर्यंत किंवा थोडं खाली, पूर्ण मातीत पाहिजे. कडेच्या कप्प्यात नको, कडा गार असतात, मग मधले कप्पे शिजतात. ट्रे आणि मॅट यांच्यामध्येही नको. तिथे टोकाला मॅटचंच तापमान कळतं आणि माती गार असतानाच मॅट बंद होते.

सगळ्यात वाईट म्हणजे टोक मातीतून निसटणं. तिसऱ्या वर्षी लेकीने कौतुकाने झाडांना पाणी घातलं आणि जाताना वायर ओढली गेली. प्रोब बेसमेंटच्या गार फरशीवर लोंबत होता. थर्मोस्टॅटला वाटलं माती अजून गारच आहे, त्याने मॅट अखंड चालू ठेवली. दोन दिवसांनी थर्मामीटर खुपसला तर माती भलतीच तापलेली. वांगी बऱ्यापैकी वाचली, टोमॅटो अर्धे गेले. तेव्हापासून मी वायर ट्रेच्या कडेला चिकटपट्टीने बांधते आणि रोज सकाळी प्रोब जागेवर आहे का ते बघते. रोज. मॅट चालू आहे का हे बघण्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

आकडा ८० वर लावा. मिरची-वांगंच असेल तर ८२-८३. पहिल्या दिवशी दुसरा थर्मामीटर चार-पाच कप्प्यांत घालून बघा. मध्यात आणि कोपऱ्यात पाच-सहा अंशांचा फरक सहज निघतो. मग मिरची मध्ये आणि टोमॅटो कडेला, अशी वाटणी करता येते. मॅट टायमरवर लावू नका, तिला थर्मोस्टॅट पुरे. टायमर दिव्यासाठी.

८. वाट बघण्याचे दिवस

झाकण ठेवा. आतल्या बाजूला बाष्प धरलं पाहिजे. रोज एकदा काढून, हलवून, पुन्हा लावा.

इथे एक फसवणूक आहे जी मला उशिरा कळली. मॅट खालून तापते, त्यामुळे ओल खालून आटते आणि झाकणावरचे थेंब वरच्या मातीवर पडतात. वर ओलं दिसतं आणि तळ कोरडा. म्हणून डोळ्यांवर जाऊ नका, ट्रे एका कडेने उचलून वजन बघा. हलका लागला तर खालच्या ट्रेमध्ये कोमट पाणी ओता, अर्धा तास शोषू द्या आणि उरलेलं ओतून टाका. नळाचं मार्चमधलं पाणी बर्फासारखं असतं. ते घातलंत तर मॅटचे चार-पाच तास वाया.

टोमॅटो आठवड्यात, मिरची आठ-दहा दिवसांत दिसायला हवी. तिखट जाती, विशेषतः भूत जोलोकियाच्या नात्यातल्या, तीन-चार आठवडे घेतात, त्यांच्यावर रागावू नका. साधी मिरची पंधरा दिवसांतही आली नाही तर एक बी उकरून बोटांत दाबा. टणक असेल तर थांबा. पिचकन फुटलं तर नव्याने पेरा.

९. कोंब दिसला की खाली उतरवा

हे एकच वाक्य लक्षात राहिलं तरी चालेल. ऊब *रुजण्यासाठी* आहे, *वाढण्यासाठी* नाही.

मातीतून हिरवी कमान दिसली की त्या रोपाची गरज बदलते. आता त्याला उजेड हवा, खाली गारवा चालतो. खालून ८२ आणि वर अंधार किंवा लांबचा दिवा असला तर ते उजेड शोधत धावतं. दोन दिवसांत तीन इंच उंच, पांढरट, शेवयांसारखं लुळं. आम्ही एकदा शनिवार-रविवार शिकागोला गेलो होतो. शुक्रवारी निघताना एकही कोंब नव्हता, रविवारी रात्री आलो तर सगळा ट्रे झाकणाला टेकून वाकलेला. त्यातली चार रोपं जगली.

म्हणून:

- अर्धे कप्पे उगवले की झाकण काढा. "सगळे येऊ देत" म्हणून थांबू नका. उगवलेल्यांचं नुकसान उरलेल्यांच्या फायद्यापेक्षा मोठं असतं.
- ट्रे मॅटवरून खाली. मागे राहिलेले कप्पे कात्रीने शीटपासून वेगळे करून मॅटवरच ठेवा. यासाठीच मिरची आणि टोमॅटो एका शीटमध्ये पेरू नका, टोमॅटो मिरचीच्या आधी घाई करतात.
- दिवा रोपांच्या डोक्यावर तीन-चार इंचांवर, दिवसाला १४ ते १६ तास. रोप वाढलं की दिवा वर. साखळीला टांगला तर सोपं.
- एक छोटा पंखा, दुरून, मंद. पानं जेमतेम हलली पाहिजेत. खोड जाड होतं.

एक अपवाद. बेसमेंट ६० च्या खाली जात असेल तर मिरची आणि वांगी उगवल्यावरही कुढतात, पानं पिवळी पडतात. तेव्हा त्यांना मॅटवर ठेवायला हरकत नाही, पण आकडा ७० (२१) वर आणा आणि झाकण काढलेलं असू द्या. टोमॅटोला ही मेहरबानी नको, तो ६० ते ७० मध्ये उत्तम वाढतो.

१०. मर

काल सरळ उभं असलेलं रोप आज मातीलगत करकोचा पडल्यासारखं बारीक होऊन आडवं. आपल्याकडे रोपवाटिकेवाले याला मर किंवा रोप कोलमडणं म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया अशा मातीतल्या बुरशींचं हे काम. पडलेलं रोप वाचत नाही. शेजारची वाचवायची.

जवळजवळ नेहमी कारण हेच असतं: झाकण जास्त दिवस, पाणी जास्त, हवा बंद. पडलेली रोपं मातीसकट काढा, पाणी दोन दिवस थांबवा, पंखा लावा. जुने ट्रे पुन्हा वापरणार असाल तर आधी साबणाने धुवा आणि मग एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवून नीट खळबळा. हळद किंवा दालचिनी भुरभुरवा असं बरेच जण सांगतात. मी दोन्ही करून पाहिलं. पंखा लावल्याशिवाय कशाचा उपयोग झाला नाही आणि पंखा लावल्यावर कशाची गरज पडली नाही.

११. बाहेर काढताना

खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की मोठ्या कुंडीत हलवा. टोमॅटो पहिल्या पानांपर्यंत खोल गाडा, खोडाला मुळं फुटतात. मिरची-वांगं होतं त्याच उंचीवर.

घरात वाढलेल्या रोपाने खरं ऊन आणि वारा पाहिलेला नसतो. सात ते दहा दिवस सवय लावा: पहिल्या दिवशी सावलीत एक तास, मग रोज थोडं वाढवत, शेवटी रात्रभर बाहेर. पहिल्याच दिवशी भर उन्हात ठेवलं तर पानं पांढरी पडतात, भाजल्यासारखी. वाफ्यात लावताना टोमॅटोला रात्री ५० च्या (१०) वर हव्यात, मिरची-वांगं-भेंडीला ५५ च्या (१३). मातीचा थर्मामीटर इथे पुन्हा कामाला येतो. वाफ्यात खुपसा, ६५ (१८) दिसलं तर बिनधास्त लावा.

मॅट ओल्या फडक्याने पुसा, वाळवा आणि सैल गुंडाळून ठेवा, घडी नको. पण फार आत टाकू नका. नोव्हेंबरमध्ये इडलीचं पीठ फुगत नाही म्हणून तुम्ही ती शोधणार आहात. भांडं मॅटवर, वर जाड टॉवेल, थर्मोस्टॅट ८५ वर. प्रोब मात्र पिठात बुडवू नका, भांड्याला बाहेरून चिकटपट्टीने लावा.